कॅमेऱ्यापुरते भाऊ

मी सोफा. तिघांना ऐसपैस आणि पाहुणे आले की पाच जणांना दाटीवाटीनं बसवून घेणारा. राहुरी तालुक्यातल्या एका वस्तीवर, कानिफनाथच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा आहे. मी काही बोलणार नव्हतो. पण गेल्या वर्षभरात या घरात जे झालं त्यानं माझा इतका गोंधळ उडालाय, की कुणाला तरी विचारल्याशिवाय आता राहवत नाही.

माझा जन्म राहुरीतला, प्रभुदास मिस्त्रींच्या दुकानातला. आत बाभळीचा सांगाडा, त्यावर काथ्या, त्यावर फोम आणि वरून चॉकलेटी रेक्झिन. रविवारी चर्चहून परतताना दुकान बंद असलं तरी मिस्त्री कुलूप काढून आत यायचे, माझ्या पाठीवर दोन थापा मारायचे आणि जायचे. असं लाडाकोडात वाढलेलं लाकूड मी.

मला घ्यायला दोन भाऊ आले होते. थोरला कानिफनाथ, धाकटा गोरक्षनाथ. त्याला सगळे गोरख म्हणतात. थोरल्यानं माझे पाय तपासले, शिवण पाहिली, खाली वाकून पट्ट्या मोजल्या. धाकटा सरळ माझ्यावर आडवा झाला आणि डोळे मिटून म्हणाला, "दादा, हाच घे. मला झोप लागली." टेम्पोत मला चढवलं तेव्हाही तो पुढं ड्रायव्हरपाशी बसला नाही. मागं माझ्यावरच मांडी घालून बसला आणि वस्ती येईपर्यंत रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हात करत राहिला.

दोघं एकाच दूध डेअरीत कामाला. कानिफनाथ दुधाची फॅट तपासतो, गोरख टँकर चालवतो. घरं शेजारी शेजारी, मध्ये एक अंगण. संध्याकाळी डेअरीतून आले की दोघं हातपाय धुऊन माझ्यावर बसायचे आणि समोर टीव्ही लागायचा. विनोदी मालिका त्यांच्या फार आवडीच्या. एक होती ऑफिसातली. काचेच्या केबिनमधला साहेब सगळ्यांवर ओरडायचा आणि कुणीच त्याचं ऐकायचं नाही. एक होती मोठ्या कुटुंबाची. एक होती तीन मित्रांची, जे एकाच खोलीत राहायचे आणि एकमेकांचे टॉवेल वापरायचे. केबिनमधला साहेब दिसला की गोरख उठून आपल्या डेअरीच्या साहेबाची हुबेहूब नक्कल करायचा. कानिफनाथ इतका हसायचा की माझ्या पट्ट्या कुरकुरायच्या.

माणूस म्हणजे काय, हे मी त्या मालिकांमधूनच शिकलो. भांडण पहिल्या जाहिरातीच्या आधी सुरू होतं आणि दुसऱ्या जाहिरातीनंतर मिटतं. मग कुणीतरी कुणालातरी मिठी मारतं, वाजंत्री वाजते, आणि कुठूनतरी पुष्कळ माणसं हसतात. ती माणसं कुठं बसतात हे मला कधी दिसलं नाही.

म्हणूनच पत्रिकेचं भांडण झालं तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही.

सहा वर्षांपूर्वी गोरखच्या मुलीचं, अश्विनीचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आली. कानिफनाथनं माझ्यावर बसून ती वाचली. मग उलटी करून मागची बाजू वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. निमंत्रकांत गावातले सगळे होते, डेअरीचे साहेबही होते. सख्ख्या थोरल्या भावाचं नाव तेवढं नव्हतं.

"दादा, छापणाऱ्याची चूक झाली," गोरख दारात उभा राहून म्हणाला. "आता पाचशे पत्रिका वाटून झाल्यात. काय करू मी?"

"काय न्हाई करायचं. पाचशे घरांना कळलं, तुला थोरला भाऊ न्हाई म्हणून."

"आरं, पण..."

"जा. कामं असतील तुला."

कानिफनाथ लग्नाला गेला नाही. दिवसभर माझ्यावर बसून होता. अंगणापलीकडून बँडचा आवाज येत होता आणि त्यानं टीव्हीसुद्धा लावला नाही. मी मनात म्हटलं, आता जाहिराती होतील आणि मिटेल. आठवडा गेला, दिवाळी गेली, वर्ष गेलं. गोरखची माझ्यावरची जागा रिकामी राहिली. डेअरीतही कानिफनाथ फॅटची चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवतो आणि दुसरीकडं पाहतो, मग गोरख ती उचलतो, असं कानिफनाथची बायको एकदा शेजारणीला सांगत होती.

निकिता ही कानिफनाथची मुलगी. नगरच्या कॉलेजात शिकते. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टरपासून आजीपर्यंत सगळे नगरच म्हणतात. त्यामुळे ती रोज एका गावाला जाते की दोन, हेही मला बरेच दिवस कळत नव्हतं.

गेल्या वर्षी तिनं आणि तिच्या वर्गातल्या ओंकारनं मोबाईलवर एक विनोदी मालिका बनवायला घेतली. नाव, 'फॅट किती लागली?' एका दूध केंद्रावर काम करणाऱ्या दोन भावांची गोष्ट. शूटिंग आमच्याच खोलीत. सकाळी माझ्यावर निळी चादर टाकली की मी दूध केंद्राचं ऑफिस. दुपारी चादर काढली की मी त्या भावांचं घर. मी दिवसातून दोनदा बदलायचो, आणि संध्याकाळी नक्की कोण असायचो ते मलाच ठाऊक नसायचं.

थोरल्या भावाचं काम कानिफनाथनं हौसेनं घेतलं. धाकट्यासाठी आणलेला माणूस दोन दिवसांत पळाला. मग निकिता अंगण ओलांडून काकाला घेऊन आली. गोरख पाच वर्षांनी उंबऱ्याच्या आत आला, पण भावाकडं न बघता.

"काका, तुम्ही पप्पांशी बोलायचंच नाही," निकिता म्हणाली. "फक्त डायलॉग म्हणायचे."

"डायलॉग म्हणायला काय जातंय," गोरख म्हणाला.

"कॅमेऱ्यापुरतं," कानिफनाथ भिंतीकडं बघत म्हणाला. "बाकी काय न्हाई."

आणि ओंकारनं "अॅक्शन!" म्हटल्याबरोबर दोघं असे बोलायला लागले, की मी चक्रावून गेलो. "दादा, चहा सांडला तुझ्या रजिस्टरवर." "मग आता चहाची फॅट काढू का?" चिडवणं, टाळ्या देणं, एकमेकांच्या ताटातलं उचलणं! मग "कट!" आणि दोघं गप्प. एक खिडकीकडं, एक दाराकडं. पुन्हा "अॅक्शन!" आणि पुन्हा तेच शब्द, तेच हसू, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मला वाटलं, हा काहीतरी आजार असावा. वाचा जाण्याचा. आणि 'अॅक्शन' हे त्याचं औषध.

त्यांची आई राहीबाई रोज शूटिंगला यायची. कॅमेऱ्यामागं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि आल्या आल्या नातीला विचारायची, "आज बोलनार हायेत का गं दोघं?"

"हो आजी, तीन सीन आहेत."

एखादा सीन झकास झाला, ओंकार खूश झाला, की राहीबाई मान हलवायची. "न्हाई न्हाई. नीट न्हाई झालं. पुन्यांदा घे." तिला शूटिंगमधलं काय कळत होतं देव जाणे. पण आजीनं सांगितलं म्हणून पोरं पुन्हा घ्यायची आणि म्हातारी पदर तोंडाशी धरून बघत राहायची.

दिवाळीनंतर कानिफनाथचं बसणं बदललं. पूर्वी धपकन बसायचा, आता माझा हात धरून हळूहळू टेकायचा. दोनदा बायकोबरोबर नगरला जाऊन आला. आल्यावर काळ्या फोटोचं मोठं पाकीट माझ्या गादीखाली सरकवलं. निकितानं विचारलं तर म्हणाला, "डेअरीचं काम हुतं."

त्या गुरुवारी दुपारचा सीन होता. धाकटा विचारतो, सोमवारी रजा कशाला हवी? थोरल्यानं म्हणायचं, म्हशीचं बारसं आहे. दोन वेळा नीट झालं. राहीबाई म्हणाली, "पुन्यांदा." ओंकार म्हणाला, "अॅक्शन!"

"दादा, सोमवारी रजा कशाला रं?"

 कानिफनाथची बोटं माझ्या रेक्झिनमध्ये रुतली.

"गोरख, सोमवारी नगरला ऑपरेशन हाय माझं. छातीचं. येशील का रं तू?"

 गोरखचा चेहरा खुलला. "येतो की! कॉटवर मी झोपतो, तू बाकड्यावर बस!"

ओंकारला हसू फुटलं. निकिता हसता हसता खाली बसली. राहीबाईसुद्धा हसली. पहिल्यांदा मला हसणारी माणसं दिसली, आणि ती का हसताहेत हेच कळेना.

"कट! पप्पा, काय भारी! हे कुठून सुचलं?"

"सुचलं असंच," कानिफनाथ म्हणाला आणि आत गेला. गोरख बराच वेळ आतल्या दाराकडं बघत उभा होता. त्याला काही विचारायचं असावं. पण कॅमेरा बंद झाला होता. तो घरी गेला.

शनिवारी दुपारी निकिता माझ्यावर पाय पसरून ते सगळं मोबाईलवर जोडत होती. छातीचं. येशील का रं तू? छातीचं. येशील का रं तू? आतून तिची आई धान्याचं सूप घेऊन आली आणि थबकली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? पप्पांनी आयत्या वेळी टाकलेला डायलॉग आहे तो."

आई सुपासकट खाली बसली. "डायलॉग न्हाई गं तो. तीन शिरा बंद पडल्यात त्यांच्या छातीत. तुझी परीक्षा व्हस्तोवर सांगू नको म्हनले मला."

निकिता अनवाणीच अंगणापलीकडं काकाकडं पळाली.

थोड्या वेळानं कानिफनाथ डेअरीतून येऊन माझ्यावर टेकला होता, तेव्हा गोरख दारात आला. मागं निकिता, तिच्या मागं राहीबाई. गोरखनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.  तो इकडं तिकडं बघत राहिला आणि शेवटी पुतणीला म्हणाला, "निके, कॅमेरा लाव."

"काका?"

"लाव म्हनतो ना."

तिनं मोबाईल स्टँडवर अडकवला. मी बरोबर समोर असतो, मला दिसत होतं, त्याची काच काळी होती. तिनं तो चालूच केला नव्हता. पण म्हणाली, "अॅक्शन."

गोरख माझ्यावर बसला. आपल्या जुन्या जागी.

"दादा, सोमवारी गाडी मी चालवनार. तिथं जितके दिस लागतील तितके मी बाकड्यावर. आन् ते पत्रिकेचं... छापणाऱ्याची चूक न्हवती. मीच नाव द्यायचं इसरलो. सायबाचं नाव कुठं घालू, ह्याच नादात हुतो. तुला सांगायची लाज वाटली."

कानिफनाथ माझ्यावर थोडा सरकून भावाकडं वळला.

"म्हशीच्या बारशाचं म्हनायचं हुतं मला," तो म्हणाला. "तोंडातून दुसरंच गेलं."

"बरं झालं गेलं."

"तू हसलास रं."

"व्हय. हसलो," गोरख म्हणाला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी मिठीची वाट पाहिली. कुणी मारली नाही. वाजंत्रीही वाजली नाही. राहीबाई उठली आणि दोघांना म्हणाली, "चहा टाकते. कुनी जाऊ नका." निकितानं "कट" म्हटलंच नाही. त्यामुळे तो सीन संपला की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

सोमवारी सगळे नगरला गेले. अकरा दिवस घराला कुलूप. माझ्या अंगावर धूळ बसली, उंदीर येऊन गेले. फक्त गोरखच्या घरी थांबलेली राहीबाई कुलूप काढून रोज दिवा लावायला यायची, थोडा वेळ माझ्या काठावर टेकायची आणि जायची. बाराव्या दिवशी अंगणात गाडी थांबली. गोरखनं भावाला धरून आणलं आणि माझ्यावर बसवलं. कानिफनाथचं वजन निम्मं झालं होतं. पण तो होता.

त्याला आता चार महिने झाले. आणि खरा गोंधळ पुढंच आहे.

हे दोघं आता रोज भांडतात. कॅमेरा नसताना. टीव्हीच्या आवाजावरून, अळणी भाजीवरून, सकाळी किती पावलं चाललं यावरून. काल गोरखनं भावाच्या उशीमागं पापड पकडला आणि असा ओरडला, की शेजारचे लोक धावत आले. "मी काय तुझा नोकर हाय का राखन करायला?" "मग कुनी बोलावलंय तुला रोज?" "न्हाई येनार उद्यापास्नं!" दार आपटून तो गेला. आज सकाळी सात वाजता आला, माझ्यावर बसला आणि म्हणाला, "चल, चालायला." आत राहीबाई एवढ्या आरडाओरड्यात शांतपणे शेंगा निवडत बसलेली असते.

पुढच्या आठवड्यात मला राहुरीला नेणार आहेत. रेक्झिन ठिकठिकाणी फाटलंय, नवं चढवायचंय. रंग कोणता घ्यायचा यावरूनही दोघांचं एकमत नाही, म्हणजे मी बहुधा उघडाच परत येईन.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर आत या, माझ्यावर बसा. तुम्ही माणसं आहात, तुम्हाला कळेल. दहा मिनिटं या दोघांकडं बघा आणि जाता जाता मला हळूच एवढं सांगा, यांचं मिटलंय का हो?