पाठपोट

झेरॉक्सच्या बाबतीत मी शाळेत हुशार गणली जाते. बाकीचे शिक्षक रोज मधल्या सुट्टीत एकेक कागद घेऊन गंगावेशीत रांग लावतात आणि परत येऊन वेळ मिळत नाही म्हणून कुरकुरतात. मी सोमवारी सकाळी शाळेच्या वाटेवर आठवड्याच्या सगळ्या कृतिपत्रिका प्रभुलिंगच्या दुकानात टाकते. चार पानं, पाठपोट, चाळीस प्रती. दहा मिनिटांत काम होतं.

पाठपोटमुळे एकच भानगड व्हायची, मुलं मागची बाजू सोडवायचीच नाहीत. म्हणून चौथीच्या वर्गाला मी जूनपासून पढवलं आहे: पान उलटायचं, मागं एकही रिकामी जागा सोडायची नाही. सुचत नसेल तरी काहीतरी लिहायचं. रिकामी जागा दिसली की माझं डोकं फिरतं, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

घरी मात्र एक अर्ज तीन आठवडे माझ्याच्यानं भरून होत नव्हता. धैर्यशीलला, माझ्या नवऱ्याला, जाऊन दोन महिने झाले होते. घर त्याच्या नावावर, घराला आता वारस म्हणून माझं नाव लावायचं होतं. अर्जाची पहिलीच ओळ ‘मयताचे नाव’. तिथं पेन टेकवलं की हात थांबायचा. रडू येत नव्हतं, दुःखही धड होत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून मी जी बधिर झाले ती झालेच. जेवत होते, झोपत होते, पाढे म्हणून घेत होते.

रविवारी वारणानगरहून सम्राटभावजी आले.

“वहिनी, शुक्रवारी शेवटची तारीख हाय. न्हाय दिला तर परत पहिल्यापास्नं सगळं. मी भरला असता, पर तुमच्याच अक्षरात लागतोय.”

“भरते की.”

“नुसतं नाव तर लिवायचं हाय.”

मी मान हलवली आणि अर्ज शाळेच्या फाइलीत ठेवला, म्हणजे डोळ्यांसमोर राहील.

त्या आठवड्यात एक सुट्टी होती, म्हणून कृतिपत्रिका तीनच होत्या. सोमवारी मी फाइलीतली पानं न मोजता प्रभुलिंगसमोर ठेवली. चार भरली, त्यामुळे त्यालाही काही वाटलं नाही.

“बाई, समदं पाठपोट न्हवं?”

“व्हय, नेहमीसारखं.”

गुरुवारी मी भागाकाराची कृतिपत्रिका वाटली, खुर्चीत बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पूर्वी मी वर्गभर फिरायचे. मुलंही गप्प लिहीत होती. एकानंही विचारलं नाही. मागं रिकाम्या जागा होत्या आणि बाईंनी भरायला शिकवलं होतं.

ऑफ तासाला गठ्ठा तपासायला घेतला. पहिल्या मुलाचे भागाकार बरोबर होते. पान उलटलं, तर मागं माझा अर्ज.

माझं डोकं फिरायला हवं होतं. फिरलं नाही. मी लाल पेन घेऊन पुढं वाचत गेले.

राजवीरनं मयताचे नाव लिहिलं होतं ‘गौरी म्हैस’, मयताशी नाते ‘घरची’. एकानं आजोबांचं नाव लिहून पत्त्यासमोर ‘पंचगंगा घाट’ लिहिलं होतं. यशराज सरळ पोरगा. त्यानं लिहिलं होतं, ‘आमच्यात अजून कोणी नाही.’ त्याला मी बरोबरची खूण केली.

मग वर्षाराणीचा कागद आला. ती पहिल्या बाकावर बसते, अखंड बडबड करते, शुद्धलेखनाच्या नावानं बोंब.

मयताचे नाव: धर्यशील सर.
मयताशी नाते: आमच्या बाईंचे सर.
मृत्यूची तारीख: बाई पंधरा दिवस आल्या नाहीत तेव्हा.

प्रार्थनेच्या वेळी हेडसरांनी नाव सांगितलं असणार आणि सगळ्या शाळेनं दोन मिनिटं उभं राहून ते ऐकलं असणार. ऐकून लिहिलं की अशीच चूक होते.

मी सवयीनं ‘ध’वर दोन मात्रा दिल्या. चुकलेला शब्द शेजारी नीट लिहून द्यायचा हा माझा नियम, म्हणून समासात लिहिलं, ‘धैर्यशील’. लिहून झाल्यावर कळलं काय लिहिलं ते.

हात चालू होता तोवरच फाइलीतला मूळ अर्ज ओढला आणि पहिल्या ओळीत तेच नाव पूर्ण लिहिलं. खाली नाते, पत्नी. लाल पेनानंच भरला. चालेल का, माहीत नव्हतं.

मग बेल झाली. पुढचा तास माझाच होता. मी उठले नाही. पोरांचे कागद भिजू नयेत म्हणून गठ्ठा बाजूला सरकवला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा रडले.