कोकम सरबतातला पेटता बर्फ

आमचे हे, म्हणजे नंदकिशोर, विक्रोळीच्या एका कारखान्यात केमिस्ट. तीन वर्षं टेंपररी. घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना मान होता तो केवळ फ्रिजमुळे, कारण चार मजल्यांत फ्रिज एकच, आणि तोही माझ्या माहेरचा.

त्या मार्चात ह्यांनी मिथेन गॅस गारेगार पाण्यात प्रचंड दाबाखाली कोंबला आणि त्याचा बर्फ करून दाखवला.

"कुंदा, वाटीभर बर्फात दोन बादल्या गॅस मावतो! काडी लावली की बर्फ पेटतो!"

मी म्हटलं, आपला सिलिंडर संपून अठरा दिवस झालेत, आधी त्याचं बघा. पण कारखान्याच्या साहेबांनी शब्द दिला होता, बर्फ पेटलेला दाखव, परमनंट करतो. शनिवारी कारखान्याची वीज बंद असायची, म्हणून ह्यांनी तो बर्फ थर्मासमधून घरी आणला, ट्रेमध्ये भरला, वर 'धोका' अशी चिठ्ठी डकवली आणि आमच्या फ्रीझरमध्ये ठेवला. रविवारी चार वाजता साहेब आले. ह्यांनी ऐटीत फ्रीझर उघडला. ट्रे गायब!

आमच्याकडे बर्फ नेताना कोणी विचारत नसे. दार उघडंच असे; ज्याला लागेल तो ट्रे नेई आणि पाणी भरून परत ठेवी. वरच्या विमलाकाकूंच्या जयाला बघायला आज मालाडचे पाहुणे येणार होते, हे मला आठवलं. आम्ही तिघं धावत जिना चढलो.

वर सरबताचे पेले फसफसत होते. मुलाचे वडील धोंडिराम "सोडा झकास आहे!" म्हणाले आणि त्यांनी लांबलचक ढेकर दिला.

"काकू, ट्रेवर चिठ्ठी होती ना?" मी ओरडले.

"होती गो. माका वाटला, कोणी बर्फ न्हेव नये म्हणान तुमची युक्ती!"

सगळ्या पेल्यांतला बर्फ विरघळून गेला होता. शेवटचा खडा धोंडिरामांच्या गालात होता.

"काका, थुंका!" हे किंचाळले.

सोयरीक जुळवायला आलेल्या माणसाला असं कोणी बोलतं का? पण धोंडिराम घाबरून बशीत थुंकले. ह्यांनी घाईघाईत तीन काड्या मोडल्या. साहेब घड्याळ बघू लागले. मला असा संताप आला की काडेपेटी हिसकावून मीच काडी ओढली.

बर्फ पेटला. बशीत खाली पाणी, वर पिवळी ज्योत. मला रडूच फुटलं.

"उद्या ऑर्डर घेऊन जा," साहेब म्हणाले. "परमनंट!"

जयाला तिथंच होकार मिळाला. पण धोंडिरामांची नजर ह्यांच्यावरून हलेना. शेवटी ते काकूंकडे वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "आमची धाकटी पण उजवायची आहे. ह्या परमनंट गृहस्थांचं लग्न झालंय काय?"

"झालंय," मी म्हणाले. "टेंपररी होते तेव्हाच झालंय."