फोनवरचा बस्ता

सुंदरानं करंडा उघडला आणि आशाच्या मोबाइलच्या काचेवर हळदीकुंकवाची दोन बोटं टेकवली.

"आई, अगं काय करतीयास!" आशानं फोन ओढून घेतला.

"तुझ्या लग्नाचा बस्ता बांधतोय न्हवं? मग पयल्या लुगड्याला कुंकू नको व्हय?"

आणे गावात बस्ता म्हणजे जीप भरून बाया न्यायच्या, दुकानात गादीवर मांडी ठोकायची, शंभर लुगडी उलगडायला लावायची आणि दुकानदाराचाच चहा पिऊन त्याच्याशी भावावरून भांडायचं. आशानं हे सगळं तळहातावर उरकायला घेतलं होतं. नवऱ्या मुलाकडचेही म्हणाले, ऑनलाइनच बरं.

सुंदराला जीपचं दुःख नव्हतं. तिला नणंद हवी होती. दोन वर्षांपूर्वी वास्तुशांतीला तिनं ह्या नणंदेला, सोनीबाईला, आहेराचं लुगडं दिलं, तर बोरी गावात दिलेली ती बया चारचौघींत म्हणाली, "हे काय पोतेरं?" सुंदरानंही जीभ आवरली नाही. "मग पुसायला घ्या." झालं! तेव्हापासून अबोला. आशा शिकायला आत्याच्याच घरी राहिलेली, पण तिचंही दोघींनी ऐकलं नाही. आता बस्त्याला नणंदेला बोलवावंच लागतं. तेवढ्यावर गाडी रुळावर आली असती, आणि कुणालाच नमतं घ्यावं लागलं नसतं. पण फोनवरच्या बस्त्याला बोलवायचं तरी कसं, आणि बसवायचं कुठं?

"आत्याला हे घेऊ?" आशानं विचारलं.

सुंदरानं काचेत डोकं खुपसलं. "हिरवं नको. ते डाळिंबी बघ. काठ रुंद हाय ना? त्येच घे. वन्सं लई गोऱ्या, खुलंल त्यास्नी." मग पदरानं नाक पुसत म्हणाली, "नेसल्या तर नेसल्या."

सोळा लुगडी मागवली. आठ दिवस गेले, काही येईना. नवव्या दिवशी आशाचा फोन वाजला. तिनं तो सरळ आईच्या कानाला लावला.

"वयनी, सोळा लुगडी माझ्या वसरीत येऊन पडल्यात," पलीकडून सोनीबाई कडाडली. "आळीतल्या बायांनी उलगडली बी. पयल्याला कुंकू मीच लावलं. बस्ता माझ्या दारात आन् नवरीची आई आण्यात! कवा येताय?"

सुंदरानं फोन दोन्ही हातांनी धरला. "वन्सं, त्यातलं ते डाळिंबी..."

"नेसूनच बोलतीया."

सुंदराला हसू आलं आणि डोळेही भरले. किती दिवसांनी जीव कसा भांड्यात पडला.

"फोनमधी आत्याकडचा जुना पत्ता राहिला वाटतं," आशा म्हणाली. "चुकलंच माझं. कंपनीला परत न्यायला सांगू?"

"खबरदार!"

सुंदरा ठेवणीतलं लुगडं काढायला उठली आणि ट्रंकेपाशी थबकली. गेल्याच महिन्यात आशाच्या चपला ह्याच फोनवरून आल्या होत्या. सरळ आण्याला, ह्याच उंबऱ्यावर.

तिनं वळून बघितलं. आशा मान खाली घालून काचेच्या कडेला अडकलेलं कुंकू पुसत होती.

"राहू दे ते," सुंदरा म्हणाली. "सकाळची बोरी फाट्याची एसटी कितीला हाय, तेवढं बघ."

"साडेनऊला," फोनकडे न बघताच आशा म्हणाली.