ओढ्याकडचं तोंड

या मंडळी, अंमळ पुढं सरका. टाळ खाली ठेवा, मागच्या माउलींनाही आत घ्या. आज आख्यान लावतो ते पोथीतलं नाही, यवतच्या अलीकडं कालव्याखाली असलेल्या एका उसाच्या रानातलं आहे. ऐकता ऐकता पाय पोटाशी घ्यावेसे वाटले, तर खुशाल घ्या.

रान गिताबाईचं. ऋतू तिला पंचांगाआधी रानातले जीव सांगायचे. पावसाळ्यात पिवळेधमक बेडूक बांधावर ओरडून रान डोक्यावर घ्यायचे आणि त्यांच्या मागं धामण यायची. उन्हाळ्यात ओढ्याच्या दरडीला घोरपड दिसायची. ऊसतोडीच्या थंडीत बेडूक मातीत गडप झाले, की घोणस उन्हाला यायची. तिचं नाव गिताबाई तोंडातून काढत नसे. लांबडं म्हणायची.

तिचा नवरा ज्योतिबा गेल्या वर्षी वारला. मेंढपाळाचं पोर ते. ऊस नेहमी एका अंगानं तोडत आणायचा, ओढ्याकडचा पट्टा शेवटी ठेवायचा आणि तिकडं माणूस फिरकू द्यायचा नाही. तुटत आलेल्या उसातले सगळे जीव त्या पट्ट्यात गोळा होत आणि गुपचूप ओढ्यात उतरत. "मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीलाबी तोंड ठेवत्यात," म्हणायचा, "मग उसाला नगं व्हय?"

यंदा मशीन आलं. त्याला वळायला ओढ्याकडं सोयीचं, म्हणून गिताबाईच्या मुलानं, सार्थकनं, तीच बाजू आधी कापायला लावली.

"आरं, तोंड बुजिवलंस की," गिताबाई म्हणाली.

"आई, मशीन म्हंजी मेंढरू हाय का? दुपारपातूर रान मोकळं हुतंय बघ."

मशीन चारी अंगांनी फिरत राहिलं. दुपारी मधोमध खळ्याएवढा ऊस उरला. त्यातून ससा सुटला, मुंगूस सुटलं, उंदीर तर पायांवरून गेले. ओढ्याच्या बाजूला सार्थक आणि शेजारचे बाप्ये ससा धरायला काठ्या घेऊन ओळीनं उभे, एकमेकांना हसत. त्यांच्यापुढं, उसाच्या अगदी कडेला, सून मोनिका म्हशीसाठी हिरवे शेंडे काढत वाकलेली. मशीनखाली शेंड्यांचा भुगा होतो ना.

गिताबाईला आधी पाचट हललेलं दिसलं. वारा तर नव्हता. मग मोनिकाच्या टाचेमागं, वीतभर अंतरावर, साखळीसारखे ठिपके सरकले.

तिनं हाक मारली. मशीनच्या घरघरीत ती तिची तिलाच ऐकू आली नाही. डोक्याचं लाल फडकं सोडून ती मशीनपुढं जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठं ड्रायव्हरनं ते बंद केलं.

आणि त्या शांततेत तो आवाज आला. कुकरची वाफ कोंडून सुटावी तसा, लांबलचक. पुढं काठ्यांची रांग, मागं बाईमाणूस. लांबड्याला जायला जागा नव्हती. त्यानं वेटोळं घातलं होतं.

मोनिकानं मान वळवली नाही. "आत्याबाई, माझ्या मागं हाय का?"

"हाय. हलू नगंस, पोरी."

सार्थक काठी टाकून कोयता घेऊन निघाला.

"हितं येशील तर ते आधी तिला धरंल," गिताबाई म्हणाली. तो जागीच थिजला.

तिला देवाचं नाव आठवेना. जन्मभर कीर्तनाला पहिल्या ओळीत बसलेली बाई, पण ओठांवर एक अक्षर येईना. आठवला तो ज्योतिबा आणि त्याची वाघर.

"वढ्याकडनं बाजूला व्हा समदे. हळू. पाय आपटू नगा."

"आगं पर आई..."

"तोंड दे त्याला, सार्थक."

रांग फाकली. फुत्कार चालूच होता. मग तो थांबला, आणि ते जास्त भयाण वाटलं. वेटोळं सुटलं, मोकळ्या रानातून ओढ्याकडं निघालं. कुणी श्वास सोडतो न सोडतो, तोच मोनिकाच्या दोन्ही पायांमधून दुसरं आलं. त्याच्यामागं आणखी एक. तिचे डोळे मिटलेले, विळा हातात तसाच.

शेवटी घोरपडीचं एक पिल्लू दुडकत गेलं. कुणालाही हसू आलं नाही.

गिताबाईनं मोनिकाला ओढून मागं घेतलं, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

"आई, आजून असतील का आत?" सार्थकनं विचारलं.

"असतील. आज ऱ्हाऊ दे त्यो ऊस."

मंडळी, थंडीत तुमचाही ऊस तुटत येईल. शेवटच्या पट्ट्याशी पोचलात, की हातातला कोयता जरा थांबवा आणि ज्योतिबाची आठवण काढा.