टिचकीच्या तारखा

लिफ्टचे रोप, म्हणजे ती ओढणारे तारेचे दोर, बदलल्याच्या तारखा सोमवारी सकाळी तपासनिसाच्या हातात पडल्या नाहीत, तर बाराच्या बारा लिफ्ट बंद पडणार होत्या. बाबांचे भागीदार काका रविवारी दुपारी हे लेकीला फोनवर तिसऱ्यांदा सांगत होते.

"तुझ्या बापाला वही म्हटली की अंगावर काटा यायचा. सगळं त्या डब्यात कोंबून गेलाय."

"काढते काका."

"काढ बाई. मला तर तो डबा चालूही करता येत नाही."

बाबांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. पन्नाशीत स्वतःच्या जिवावर संगणकाची सी भाषा शिकले आणि नोंदींसाठी एक लायब्ररी लिहिली. म्हणजे इतर प्रोग्रॅमनी हाक मारून कामाला लावावी अशी एक फाईल. तिच्याशिवाय त्या नोंदी कुणाला उलगडत नसत. आता त्यांचा प्रोग्रॅम उघडता उघडताच मिटत होता, म्हणून लेकीने पायथन या दुसऱ्या भाषेत चार ओळी लिहून थेट लायब्ररीलाच हाक मारली.

उत्तर आलं: फाईल सापडत नाही.

फाईल तर नाकासमोर होती. पूर्ण पत्ता दिला, तरी तेच. पायथन आणि लायब्ररी यांतलं एक चौसष्ट बिटांचं आणि दुसरं बत्तीसचं असेल म्हणून तपासलं, दोन्ही चौसष्टच. बाबांच्या उंच खुर्चीत तिचे पाय लोंबकळत होते, आणि ती खाली करायचा खटका कुठे आहे ते विचारायला घरात कुणी नव्हतं.

संगणक कधीकधी असं भलत्याचंच नाव घेतो. हाक मारलेली फाईल असते, पण ती ज्या दुसऱ्या फाईलच्या आधाराने उभी, तीच नसते. तिने आधारांची यादी काढली. सगळे जागेवर होते, एक सोडून: टिचकी.

टिचकी हे तिचंच घरातलं नाव. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तारखेचा आकडा करणारी, म्हणजे एका जुन्या ठरावीक दिवसापासून किती दिवस झाले ते मोजणारी एक फाईल लिहून तिने त्या नावाने बाबांच्या संगणकावर ठेवली होती. बाबा बघून एवढंच म्हणाले होते, "बरंय." त्यांचं बरंय म्हणजे बाद, हे घरात सगळ्यांना ठाऊक. बाबा वारल्यावर, गेल्या आठवड्यात संगणक आवरताना, आपलाच जुना पसारा म्हणून, तिने तो फोल्डर उडवला होता. वर कचरापेटीही रिकामी केली होती.

लायब्ररीला टिचकीकडून दोनच कामं हवी होती: तारखेचा आकडा आणि आकड्याची तारीख. तिने ती नव्याने लिहिली. लायब्ररी निमूट उघडली, नोंदी भराभर उतरल्या.

ताळा म्हणून तिने काकांना फोन लावला. "पाच नंबरच्या लिफ्टचा रोप शेवटचा कधी बदललात, आठवतं?"

"आठवतं म्हणजे? माझ्या पोरीच्या वाढदिवशी, चौदा जूनला! दोघंही ग्रीसने माखून पोचलो. बायको आजवर ऐकवते."

पडद्यावर तेरा जून होती.

"काका, नक्की?"

"अगं, पोरीचा वाढदिवस विसरेन का मी?"

तिने गणित तीनदा तपासलं. चूक नव्हती. मग लख्ख आठवलं. शंभरने भाग जाणारं साल लीप नसतं, एवढंच तेव्हा तिला माहीत होतं. चारशेने भाग गेला तर मात्र असतं, हा अपवाद माहीत नव्हता. तिच्या जुन्या टिचकीत दोन हजार साली एकोणतीस फेब्रुवारी उगवलीच नव्हती. पुढचा प्रत्येक आकडा एकाने कमी, आणि आकड्याची तारीख करताना तीच चूक उलटी फिरून तारीख बरोबर देत असे.

तिने ती चूक जशीच्या तशी परत घातली. चौदा जून आली.

यादी मिळाल्यावर काका म्हणाले, "शाब्बास. सुटलो बघ," आणि फोन ठेवला.

बाबा म्हणजे रोपाची एकेक तार भिंगाखाली धरणारा माणूस. चूक त्यांना दिसलीच नसेल, हे तिला पटेना. दिसली असेल, तर सोळा वर्षं सांगितली का नाही, तेही कळेना. बापलेकीचं बोलणं काय, रविवारी फोनवर दोन वाक्यं.

चुकीच्या ओळीशेजारी तिने शेरा लिहिला: ही दुरुस्त करू नये. वाचणारं आता कुणी नव्हतं, तरी शब्द दोनदा बदलले.