मोठ्या सरांचा दुसरा दिवस

मोठे सर पोट धरून कळवळत आले, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पोटातला अल्सर फुटला होता. तातडीनं ऑपरेशन झालं आणि इथले निवृत्त सर्जन असलेले मोठे सर स्वतःच्याच जुन्या वॉर्डात माझ्या हाती आले.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या बाबांचं आतडं असंच फुटलं होतं. सरांनी ऑपरेशन झकास केलं, ते मान्य. पण नंतर बाबांना आठ दिवस पाठीवर निजवून ठेवलं. मी तेव्हा नवखी नर्स. राउंडला भीतभीत विचारलं, "सर, यांना थोडं चालवू का?"

"पोट मी शिवलंय की तू, शहाणे?"

सगळे हसले. नवव्या दिवशी बाबांच्या पायातली गुठळी फुप्फुसात गेली. बाबा गेले.

आता अशा पेशंटना लवकर सावरायचं काम माझ्याकडेच आहे. नळ्या लवकर काढायच्या, घोट घोट पाणी सुरू करायचं, दुसऱ्या दिवशी उभं करायचं.

"सर, उठायचं."

"आज नको, सिस्टर. टाके ओढतायत."

एरवी मी अर्धा तास विनवण्या करते. त्या दिवशी 'पेशंटने नकार दिला' असं लिहून मोकळी झाले. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. इतरांना मात्र मुद्दाम त्यांच्या कॉटसमोरून चालवत नेलं.

दुपारपर्यंत त्यांची छाती घरघरायला लागली. त्यांची मुलगी धावत आली.

"पप्पांना कुणी उठवलंच नाही?"

"ते नको म्हणाले."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

सणसणीत थोबाडीत बसावी तसं झालं. अकरा वर्षांपूर्वीही मी त्यांचंच ऐकलं होतं.

मी दुखण्याचं औषध दिलं, ते लागू पडेपर्यंत थांबले आणि त्यांच्या काखेत हात घातला. "पोटाशी उशी धरा. खोकून कफ काढा. आता उभे राहा."

"जीव घेतेस का माझा?"

"घ्यायचा असता तर झोपू दिलं असतं. ओळखलंत मला?"

त्यांनी ओळखलं नव्हतं. तेच जास्त झोंबलं. मी बाबांचं सगळं सांगितलं. ते पोटाशी उशी धरून दारापर्यंत चालले.

पुढच्या सकाळी राउंडला शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता. मी सरांना मधोमध उभं केलं. "सर, यांना सांगा, पेशंटला लवकर का चालवायचं?"

"पायात गुठळी होऊ नये म्हणून."

"झाली तर?"

"माणूस दगावू शकतो." त्यांचे पाय थरथरत होते. मी खुर्ची पुढे केली नाही. "हिचे वडील दगावले. ही मला सांगत होती. मी हिची टिंगल केली."

कुणी हसलं नाही. मग मी खुर्ची दिली.

सहाव्या दिवशी सर आपल्या पायांनी घरी गेले. जाताना त्यांनी हात जोडले. आई विचारते, "माफ केलंस ना गं?"

नाही केलं.