चार सायलेन्सरची होंडा

टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या अलकनंदाबाईंकडे बालाघाटला टेम्पोतून एक मोटरसायकल आली. नागपूरचा धाकटा भाऊ वारला होता. भावजयीनं ती पाठवून दिली. साडेतीनशे सीसीची, पन्नास वर्षांपूर्वीची होंडा. भावानं ती कुवेतहून आणली होती. एवढ्याशा गाडीला चार सायलेन्सर कशाला, हे बाईंना कळेना. त्यांनी जन्मभर लूना चालवलेली.

वारासिवनी रोडवरचा फकिरा मिस्त्री आला. गाडीभोवती दोन चकरा मारून खालीच बसला.

"बाई, खोटं नाही बोलत. चार सिलेंडरची गाडी मी पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

"मग जमेल?"

"थे माहीत नाही. पण आता खोलल्याबिगर मले चैन नाही पडत."

नवं पेट्रोल, नवी बॅटरी घातली. गाडी सुरू झाली, पण आचके देऊ लागली. फकिरानं पाण्यात बोटं बुडवून एकेका सायलेन्सरच्या नळीवर थेंब टाकले. तीन नळ्यांवर चर्र झालं. एकीवर थेंब तसाच थरथरत राहिला.

"हे नळी थंडी हाय. हा सिलेंडर कामच नाही करून राह्यला."

त्यानं शेजारच्या सिलेंडरचा चांगला प्लग काढून ठिणगी पाहिली आणि त्यात बसवला. तरी नळी थंडच.

"म्हंजे ठिणगीचा दोष नाही. पेट्रोल-हवा आत जाऊन नाही राह्यली."

"काहून?" बाईंच्या तोंडून त्याचीच बोली निघाली.

एकमेकांना जोडलेले चारही कार्बोरेटर बाहेर काढायला दुपार गेली. एकाच्या तोंडात मातीचा बोळा होता. फाटक्या फिल्टरमधून शिरून कुंभारीण माशीनं घर बांधलं होतं. बाईंनी चष्मा लावून ते सुईनं फोडलं. आत पिल्लांसाठी भरून ठेवलेले वाळके कोळी निघाले.

साफसफाई करून जोडल्यावर इंजिन एकसारखं फिरू लागलं. फटफट नाही, नुसती शिलाई मशीनसारखी घरघर.

"बसा मागे, फकिराभाऊ," बाई म्हणाल्या. "गिअरचं तेवढं सांगत राहा."

पहिल्याच चौकात बाईंच्या हातून क्लच सुटून गाडी दोनदा बंद पडली. मग वैनगंगेच्या पुलापर्यंत नीट गेली. फकिरा इंजिनाकडे कान लावून ऐकत होता.

"काय म्हणतेय गाडी?" बाईंनी विचारलं.

"पुरं समजून नाही राह्यलं, बाई. अजून थोडं पुढे घ्या."